घरचे बाळंतपण : सुईणीचा भरवसा आणि घराची तयारी

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना विचारले की तुमचा जन्म कुठे झाला, तर पुष्कळ जण सांगतील, घरीच. कुडाच्या भिंतीआड, कंदिलाच्या उजेडात, वस्तीतल्या एखाद्या म्हातारीच्या हातावर. त्या म्हातारीला कुणी सुईण म्हणे, कुणी दाई. तिच्या हातून गावातली दोन-तीनशे लेकरे जगात आलेली असत. पण तिचे नाव कुठल्या कागदावर नसे.

आज काळ बदलला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातील सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. तरीही उरलेली पाच घरीच होतात. कुणी पाड्यावर, कुणी तांड्यावर, कुणी उसाच्या फडावरच्या कोपीत. कुणाला पावसाने अडवलेले असते, कुणाला गाडी मिळत नाही. काही बायका मात्र जाणूनबुजून घरी राहतात. मागच्या खेपेला बाळंतपणाच्या खोलीत ऐकलेले टोमणे, कळा देताना खाल्लेली चापट, जात विचारल्यानंतर बदललेला सूर, हे त्या विसरलेल्या नसतात. "त्यापेक्षा आपले घर बरे," असे त्या म्हणतात, तेव्हा त्यांना अडाणी म्हणून गप्प बसवणे आम्हांला बरोबर वाटत नाही.

पण भगिनींनो, एक फरक ध्यानात घ्या. ठरवून, तयारीने घरी केलेले बाळंतपण वेगळे आणि वेळेवर कुणी नाही म्हणून घरी उरकलेले बाळंतपण वेगळे. पहिल्यात धोका कमी करता येतो. दुसऱ्यात आई आणि बाळ दोघांचा जीव टांगणीला लागतो. घर की दवाखाना, हा प्रश्न नंतरचा. जवळ शिकलेला हात आहे काय, आणि दवाखान्याची वाट मोकळी आहे काय, हे दोन प्रश्न आधीचे. या दोहोंचे उत्तर "होय" असेल तरच घरचा विचार करावा.

हात आपले, विटाळही आपल्याच माथी

सुईणीचे काम गावात कुणाकडे होते? अनेक गावांत मांगवाड्यातल्या बाईकडे, कुठे महारवाड्यातल्या, कुठे न्हाव्याच्या घरच्या. का? कारण नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे कपडे धुणे ही कामे विटाळाची मानली गेली. एरवी जिची सावली नको, तिलाच पहाटे तीन वाजता बोलावणे यायचे. पाटलाची सून अडली की सगळा सोवळेपणा बाजूला राहायचा. मूल झाले की पायली-दोन पायली धान्य, एखादे जुने लुगडे पदरात टाकून तिला मागच्या दाराने वाटेला लावायचे. दहा दिवसांनी घर शुद्ध व्हायचे. ती मात्र होती तिथेच राहायची.

त्या बायांच्या हातात खरे ज्ञान होते. पोटावर हात ठेवून मूल आडवे की उभे हे त्या सांगत. कळा देणाऱ्या बाईला चालती-फिरती ठेवणे, उकिडवे बसवणे, पाठ चोळणे, धीर देणे, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. आज मोठे डॉक्टरही सांगतात की कळा देताना बाईला पाठीवर सपाट निजवून ठेवू नये. पण त्याच परंपरेत घातक चालीही होत्या. नाळ विळ्याने कापणे, तिच्यावर शेण किंवा राख लावणे, पोट दाबून मूल ढकलणे, बाळंतिणीला दोन-दोन दिवस पाणी न देणे. या चालींनी धनुर्वात झाला, अंगावरून रक्त गेले, लेकरे गेली. म्हणून जुने सगळे चांगले असेही नाही आणि सगळे टाकाऊ असेही नाही. पारखून घ्यावे लागते.

पारखून घेतले तर काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मॅबेल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांत दलित बायका पुष्कळ होत्या. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हातून गाव बाळंतपण करून घेऊ लागले, आणि या वेळी मागच्या दाराने नव्हे. दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, सुइणींना बरोबर घेतले. तिथले बाळमृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०११ पासून त्याच धर्तीवर देशभर आशाताई बाळ बघायला घरी येऊ लागल्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. नुसत्या सुइणींना थोडेफार शिकवून आयांचे मृत्यू थांबत नाहीत, हाही अनुभव आहे. अंगावरून रक्त जाऊ लागले की सुईण धीर देऊ शकते, रक्त देऊ शकत नाही. म्हणून सुईण हवीच, पण तिच्या जोडीला प्रसूतीचे शिक्षण घेतलेली नर्स हवी, आणि नर्सच्या मागे गाडी व रुग्णालय हवे.

इंग्लंडात घरी होते ते कसे?

शहरातल्या शिकलेल्या नातेवाइकांकडून ऐकू येते की, "इंग्लंड-हॉलंडच्या बायका घरी बाळंत होतात, मग आपण का नाही?" खरे आहे, होतात. पण त्यामागची व्यवस्था बघा. इंग्लंडात सरकारी आरोग्य सेवेची प्रसूती-परिचारिका गरोदर बाईला पहिल्यापासून तपासते. दिवस भरले की बोलावल्यावर ती घरी येते. प्रत्यक्ष जन्माच्या वेळी सहसा दोघी असतात, एक आईसाठी आणि एक बाळासाठी. त्यांच्या पेटीत रक्तस्राव थांबवण्याचे इंजेक्शन, बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, प्राणवायू असतो. फोन केला की रुग्णवाहिका येते. यातल्या कशाचाही पैसा पडत नाही.

एवढे असूनही काय दिसले? तिथे धोका नसलेल्या ६४ हजारांहून अधिक बायकांची पाहणी होऊन २०११ साली तिचे निष्कर्ष आले. आधी एक-दोन बाळंतपणे झालेल्या बायकांच्या बाबतीत घरी ठरवलेले बाळंतपण बाळासाठी रुग्णालयाइतकेच सुखरूप ठरले. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळाला इजा होण्याचे प्रमाण घरी जास्त दिसले. घरी बाळंत व्हायचे ठरवलेल्या शंभर पहिलटकरणींपैकी ४५ जणींना मधेच किंवा नंतर रुग्णालयात न्यावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या शंभरातील १२ जणींना न्यावे लागले. म्हणजे ज्या देशात सगळी सोय आहे, तिथेही घरच्या बाळंतपणात "गरज पडली तर रुग्णालय" हा बेताचाच भाग असतो. आमच्या मते तिकडून शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

घरचा विचार कुणी करू नये

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर बाळंतपण रुग्णालयातच झाले पाहिजे. यात सासूचे, नवऱ्याचे, कुणाचेही ऐकू नये.

पहिलटकरीण, वय १८ पेक्षा कमी किंवा ३५ च्या पुढे, उंची पावणेपाच फुटांपेक्षा कमी, आधी सिझेरियन झालेले, मागच्या खेपेला खूप रक्त गेलेले, वार अडकलेली किंवा मूल दगावलेले, चार-पाच बाळंतपणे झालेली, जुळे, मूल आडवे किंवा पायाळू, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, तोंडावर-हातावर सूज, मधुमेह, हृदयविकार, एचआयव्ही, नऊ महिने भरण्याआधी सुरू झालेल्या कळा.

दोन गोष्टी आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. पहिली, रक्ताची. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, ७ च्या खाली असेल तर जिवाला धोका आहे. राबणाऱ्या बाईचे रक्त कमी असते, कारण ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि उरले तर जेवते. अशा बाईच्या अंगावरून थोडे जास्त रक्त गेले तरी ती सावरत नाही. दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत हा आजार बराच आढळतो. गरोदर बाईची सिकलसेलची तपासणी पहिल्या तिमाहीतच करून घ्यावी. नवऱ्याचीही करावी. आजार निघाला तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच ठरवावे.

सातव्या महिन्यातली बैठक

सातवा महिना लागला की घरात एकदा सगळ्यांनी मिळून बसावे. गरोदर बाई, नवरा, सासू किंवा आई, आशाताई, वस्तीतली जाणती सुईण, आणि जमल्यास उपकेंद्राची आरोग्य सेविका. त्या बैठकीत पहिले बोलणे गरोदर बाईचे असावे. तिला कुणी जवळ हवे, कशाची भीती वाटते, हे तिने सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. पुढील गोष्टी तिथेच ठरवाव्यात.

बाळंतपण कोण करणार? प्रसूतीचे प्रशिक्षण घेतलेली नर्स घरी यायला तयार आहे काय? रात्री, रविवारी, सणाला ती नसेल तर कोण? दोघींची नावे आणि फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. कुणीच येणार नसेल तर घरचा बेत तिथेच सोडून द्यावा.

गाडी कोणती? १०८ आणि १०२ या दोन्ही क्रमांकांवर रुग्णवाहिका मागवता येते. पण तुमच्या वस्तीपर्यंत ती येते काय, पावसाळ्यात नाल्याला पाणी असते काय, हे आधी पाहावे. वस्तीतल्या एखाद्या रिक्षावाल्याला, जीपवाल्याला सांगून ठेवावे. जवळच्या रुग्णालयात पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर घरी थांबू नये. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' आहे. तिथे दिवस भरत आल्यावर आधीच जाऊन राहता येते.

रुग्णालय कोणते? सिझेरियन आणि रक्त देण्याची सोय कुठे आहे, हे विचारून ठेवावे. जवळचे रुग्णालय म्हणजे सोय असलेले रुग्णालय असेलच असे नाही.

रक्त कोण देणार? आईचा रक्तगट माहीत हवा. रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसे हवीत. नवऱ्याने यात मागे राहू नये.

"आता निघायचे" हे कोण म्हणणार? कित्येक घरांत बाई तळमळत असते आणि घरची मंडळी घरधन्याची वाट बघत बसतात. नर्सने किंवा सुईणीने "निघा" म्हटले की निघायचे, कुणाची परवानगी विचारायची नाही, हे आधीच कबूल करून घ्यावे.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी तारीख हंगामात येते काय ते पाहावे. येत असेल तर बाईने गावी राहावे. ते शक्यच नसेल तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि जिथे जाल तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात भेटावे.

खोली आणि सामान

खोली लहान असली तरी चालेल, पण कोरडी, झाडलेली आणि उजेडाची हवी. वीज जाते म्हणून बॅटरी हाताशी ठेवावी. धूर नको, शेगडीच्या धुराने आईचा आणि बाळाचा श्वास कोंडतो. जनावरे दुसरीकडे बांधावीत.

धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या चार-पाच मऊ सुती चादरी, खाली घालायला स्वच्छ प्लास्टिकचा कागद, साबण, उकळून निवलेले पाणी, न उघडलेले नवे ब्लेड, नाळ बांधायला निर्जंतुक दोरा किंवा चिमटा, बाळ पुसायला दोन कोरडे रुमाल, बाळाला टोपी आणि दुपटे, आईसाठी स्वच्छ घड्या, हातमोजे. बाळंतपणाची तयार पिशवी मिळते का, हे उपकेंद्रात विचारावे. सोबत एक दुसरी पिशवी रुग्णालयासाठी भरून दारामागे टांगावी. तिच्यात कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक, थोडे पैसे, साडी, बाळाचे कपडे असावेत.

कळा सुरू झाल्यावर

नर्सला लगेच बोलावावे. आईने चालावे, बसावे, हवे तसे वळावे. पाणी, पेज, चहा घ्यावा. सुईणीने पाठ चोळावी, जवळ राहावे. मनाला धीर असला की अंगही साथ देते.

चार गोष्टी कुणी करू नयेत. पोट दाबू नये. सारखा हात घालून बघू नये. वार ओढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कळा वाढवण्याचे इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नये. गावोगाव फिरणारे काही लोक "लवकर मोकळी करतो" म्हणून ते टोचतात. त्याने पिशवी फाटते, बाळ गुदमरते.

पुढील खूण दिसताच निघावे : पहिलटकरणीला कळा देऊन १२ तास उलटले, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याआधीच काम थांबल्यासारखे झाले, गर्भपाणी हिरवट किंवा घाण वासाचे आले, पाणी गेले पण कळा नाहीत, बाळाआधी रक्त, हात, पाय किंवा नाळ आधी बाहेर, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणे, अंगावरून रक्त थांबत नसणे. शेवटची खूण सर्वांत घाईची आहे. रक्त असेच जात राहिले तर बाई दोन तासांत जाऊ शकते. रक्तस्राव रोखण्याच्या गोळ्या आरोग्य सेविकेकडून मिळतात, त्या बाळ बाहेर आल्यावरच, तिच्या सांगण्याप्रमाणे घ्यायच्या असतात.

बाळ आल्यावर

बाळाला लगेच कोरडे पुसावे आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरावे. नाळ एक ते तीन मिनिटे थांबून बांधावी आणि नव्या ब्लेडने कापावी. नाळेवर काहीही लावू नये, शेण नाही, हळद नाही, तेल नाही, राख नाही. बाळ रडत नसेल तर पुसताना पाठ चोळावी. नर्स असते ती याच क्षणासाठी. पहिल्या तासात छातीला लावावे. पहिले पिवळसर दूध पिळून टाकू नये, ते बाळाचे औषध आहे. मध, गुळाचे पाणी, घुटी काही देऊ नये. पहिले २४ तास आंघोळ नको. आईला पोटभर जेवू द्यावे. पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नये.

पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, असे आपल्या आज्या म्हणत. आपण ते सोडले आहे. त्या दिवसाचा उपयोग बाळाचा ताप, रंग, अंगावर पिण्याची ताकद बघण्यासाठी करावा. घरी झालेल्या बाळाला आशाताईने १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बघायचे असते. ती आली नाही तर बोलावून घ्यावे. बाळ पीत नसेल, गार पडले असेल, धापा टाकत असेल, नाळेतून पू येत असेल तर थांबू नये.

हक्क आणि नोंद

बाळंतीण बाईला विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, ही बाजू बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडली. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. ज्या घरात माता रमाईंनी चार लेकरे गमावली, त्या घरच्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. आज कायद्याने नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या, बिगारी, ऊसतोड बाईपर्यंत ती पोचलेली नाही.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका, तक्रार करा. रुग्णालयात गेलात तरी आपल्या ओळखीची बाई कळांच्या वेळी जवळ असावी, हे सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही आहे. सुईणीला सोबत न्या. अपमानाच्या भीतीने दवाखाना टाळण्यापेक्षा साक्षीदार घेऊन जाणे बरे.

घरी झालेल्या बाळाची नोंद आपोआप होत नाही. कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ती करावी. पैसे लागत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून नोकरीपर्यंत जन्माचा दाखलाच लागणार आहे. दाखला नसलेल्या लेकराची वाट पुढे अडते.

विहारात काय करता येईल

हे सगळे एका घराला जड जाते, वस्तीला जात नाही. महिला मंडळाने रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढावा. वस्तीत कोण गरोदर आहे, कुणाची तारीख केव्हा, कुणाचे रक्त कमी, याची वही ठेवावी. गाडीवाल्यांचे आणि रक्तदात्यांचे नंबर विहाराच्या फलकावर लिहावेत. आरोग्य सेविकेला महिन्यातून एकदा बोलावावे. जुन्या सुइणींना तिच्या शेजारी खुर्ची द्यावी, त्यांना काय येते ते विचारावे आणि काय सोडायचे तेही समजावून सांगावे.

आणि बारावी झालेल्या मुलींना सांगावे की बाळंतपण करणे हे आता विटाळाचे काम नाही, शिक्षणाचे आहे. ए. एन. एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. नर्सिंग पूर्ण केलेल्यांसाठी केंद्र सरकारने २०१८ च्या धोरणात प्रसूती-परिचारिकेचे १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण ठेवले आहे. ज्या आजीला धान्याची पायली देऊन मागच्या दाराने पाठवले, तिची नात पांढऱ्या कोटात, पगारावर, पुढच्या दाराने त्याच घरात जावी. त्यासाठी येत्या रविवारी आपल्या विहारात वही उघडा आणि पहिल्या पानावर वस्तीतल्या गरोदर भगिनींची नावे लिहा.